साचा कापायच्या आधी

सकाळी ६.४०

भोसरी एमआयडीसीत पहिली पाळी सातला लागते. त्याआधी पोचलं तर मशीनवरच्या माणसाशी चार शब्द बोलता येतात. पाळी सुरू झाली की कुणी मान वर करत नाही. माझं काम दुव्याचं. लहान कारखानदारांना डिझाइन संस्थांशी गाठ घालून द्यायची आणि गाठ पडल्यावर दोघांची भांडणं सोडवायची. आधी बरीच वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यामुळे कारखान्याची बोली अंगवळणी पडलेली. डिझाइनवाल्यांची नंतर शिकलो, आणि अजूनही त्यांचे काही शब्द ऐकले की डोकं दुखतं.

आजचा कारखाना फवारणी पंपाचा. पाठीवर घ्यायचा, सोळा लिटरचा, डाव्या हाताने दांडा मारायचा आणि उजव्या हातात नळी धरायची, तो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, संस्थेचंही नाही. करारात गोपनीयतेचं कलम आहे आणि ते घालायचा आग्रह माझाच होता. पंपाबद्दल जे लिहितोय ते कुठल्याही कृषी सेवा केंद्रासमोर तासभर उभं राहिलं तर कळेल, एवढंच.

शेठ गेटवरच भेटले. "आज काय दाखवणार तुमची पोरं?"

"दाखवतील ते बघा. पण शेठ, पहिला तासभर बोलायचं नाही."

"मग मी येतो कशाला?"

"मामांना घेऊन येण्यासाठी."

सकाळी ७.१५

मामा म्हणजे ब्लो मोल्डिंगच्या मशीनवर केस पांढरे केलेला माणूस. वितळलेल्या प्लास्टिकची जाड नळी वरून लोंबत येते, साच्याचे दोन अर्धे तिच्यावर मिटतात, आत हवा मारली की ती फुगून साच्याच्या भिंतींना चिकटते. साचा उघडला की गरम टाकी. कडेला चिमटीत दबून राहिलेलं जादा प्लास्टिक, म्हणजे फ्लॅश, मामांच्या हाताखालचा पोरगा सुरीने कापतो.

मामांची तपासणी बघण्यासारखी असते. रंग न घातलेली ट्रायलची टाकी ते ट्यूबलाइटसमोर धरतात आणि सावकाश फिरवतात. जिथे उजेड जास्त झिरपतो तिथे भिंत पातळ. खांद्याच्या दोन कोपऱ्यांवर उजेड हमखास जास्त, कारण नळीचं प्लास्टिक कोपऱ्यापर्यंत पोचेतो ताणून ताणून पातळ होतं. जाडी मोजायचं यंत्र आहे ऑफिसात, पण त्याआधी मामांनी निकाल दिलेला असतो. संस्थेतली मुलं पहिल्यांदा आली तेव्हा मी त्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसूच दिलं नाही, थेट इथे उभं केलं. एकीने टाकी उजेडासमोर धरली, कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि मामांना विचारलं, "किती गोल केला तर इथे पातळ पडणार नाही?" त्या प्रश्नाला मामांनी अर्धा तास दिला. शेठना तेवढा वेळ त्यांनी कधी दिलेला नाही.

सकाळी ८.४५

गाडीत मागच्या सीटवर मामा, पुढे शेठ, डिकीत दोन पंप. संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला. ट्रॅफिकमध्ये शेठच्या शंका सुरू होतात.

शेठचं सुरुवातीचं पत्र माझ्याकडे जपून ठेवलंय. 'आकर्षक रूप, नवीन रंगसंगती, बाजारातल्या इतर पंपांपेक्षा वेगळा लुक.' दहातली आठ पत्रं अशीच येतात. माल तयार आहे, डीलर कुरकुरतोय, तर जरा देखणं करून द्या. अशा पत्रावर संस्था काम करून देईलही. मुलं सुंदर चित्रं काढतील, शेठ ती केबिनमध्ये लावतील आणि पंप होता तसाच राहील. म्हणून पत्र आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिलं: हा पंप भरताना, उचलताना, मारताना आणि धुताना माणसाच्या अंगावर औषध कुठे कुठे जातं, ते शोधा आणि कमी करा, किंमत फार वाढता कामा नये.

हा प्रश्न हवेतून आलेला नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो आजारी पडली. कपाशी डोक्याच्या उंचीला गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगावर साधा सदरा. त्या वेळी चर्चा झाली ती औषधांची आणि कृषी खात्याची. पंपाकडे त्या मानाने कमी जणांनी पाहिलं. शेठनी पाहिलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. फक्त पत्रात ते लिहायचं सुचलं नव्हतं.

"पण या डिझाइनवाल्यांनी आजवर केलंय काय?" शेठचा आवडता प्रश्न. माझं उत्तर ठरलेलं: "तुम्ही मत कशावर देता?"

मतदान यंत्र. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं, सुधाकर नाडकर्णी त्याच्या उभारणीतले प्रमुख. त्याच आयडीसीतले प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या मतदान यंत्राचं औद्योगिक डिझाइन केलं. १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर असं यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं. त्यावरून खटले झाले, कायदा बदलला, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रावर झाली. आता त्या यंत्राकडे शेठच्या नजरेने बघा. त्यात देखणं काय? काहीच नाही. नाव, चिन्ह, शेजारी निळं बटण, दाबलं की लाल दिवा आणि लांब आवाज. वाचता न येणारी आजी कुणाला न विचारता एकटी आत जाते आणि मत देऊन बाहेर येते. वीज नसलेल्या पाड्यावर ते बॅटरीवर चालतं. यंत्राच्या विश्वासार्हतेवरचे वाद वेगळे, ते चालू राहतील. पण बटण कुठलं दाबायचं याबद्दल तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

शेठ म्हणाले, "ती सरकारी कंपनी. त्यांना वेळ असतो." यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सकाळी १०.०५

ज्युरी. संस्थेतल्या या शब्दाला घाबरायचं कारण नाही. मुलं काम मांडतात आणि शिक्षक, बाहेरचे लोक प्रश्न विचारतात. माझा एकच हट्ट असतो: कंपनीकडून मार्केटिंगचा माणूस आला नाही तरी चालेल, साचा करणारा आणि मशीन चालवणारा आलाच पाहिजे.

पहिली पंधरा मिनिटं वाया गेली. भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या, बाण, वर्तुळं. मामा चुळबुळ करू लागले. डिझाइन संस्थांचा हा दोष मी त्यांच्या तोंडावर सांगत आलोय: विचार केला हे दाखवण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या निम्म्यात अजून एक नमुना कापून झाला असता. मग त्यांच्या शिक्षिका, मॅडम, त्यांनीच सांगितलं, "चिठ्ठ्या राहू दे. शेतात काय पाहिलंस ते सांग."

काम मांडणाऱ्या मुलीने सांगायला सुरुवात केली आणि खोली शांत झाली. ती मूळची केरळची, मराठी मोडकी, पण गावात मुक्काम करून आलेली. पंप मारतो पुरुष, पण पाणी आणून टाकी भरते बहुतेक वेळा बाई. म्हणजे कालवलेलं औषध सगळ्यात जवळून जिच्या हाताला लागतं, ती कंपनीच्या डोळ्यांपुढे कधी नव्हतीच. भरलेला पंप वीस किलोच्या वर जातो. तो जमिनीवरून एकट्याने पाठीवर घेता येत नाही, म्हणून बांधावर ठेवून घेतात. बांध नसेल तिथे दुसरं कुणीतरी मागून उचलून देतं, आणि त्या झटक्यात झाकणातून औषध मानेवर सांडतं. वायसर झिजला की वाकल्यावर पाठीच्या कण्यावरून ओघळ. पट्टा खांद्यात रुततो म्हणून टॉवेलाची घडी घालतात. तो टॉवेल दिवसभर औषध पितो आणि संध्याकाळी त्याच टॉवेलाने तोंड पुसलं जातं.

शेवटी तिने एक फोटो लावला. एक माणूस नळीचं टोक ओठांना लावून गाल फुगवून उभा आहे. नोझल तुंबलं की सगळे असंच साफ करतात. फुंकून.

शेठनी माझी अट मोडली. "आम्ही पिन देतो की! प्रत्येक पंपाबरोबर पाकिटात!"

"हो सर," ती म्हणाली, "पाकीट दुकानात राहतं. मी चार दुकानांत बघितलं. ड्रॉवर भरलाय."

मामा खदखदून हसले. शेठ हसले नाहीत, पण त्यांनी वही काढली. प्रश्न पिनेचा नव्हता, पिनेच्या जागेचा होता. तिच्या नमुन्यात पिन नळीच्या मुठीतच बसवलेली आहे, ओढली की निघते, सोडली की परत जाते, हरवत नाही. खर्च नगण्य. कारखान्यात इतकी वर्षं नोझलच्या पितळेवर चर्चा होत होती.

मग टाकी. पाठीच्या बाजूने आत वळवलेली, तळ रुंद, म्हणजे बांधाच्या अर्ध्या उंचीच्या दगडावरही डगमगत नाही. फोममध्ये कोरलेला तो नमुना मामांनी हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने कोपरे चाचपले. "इथं बरोबर गोल केलाय. पण हे आत वळवलंय ना, तिथं साचा उघडताना अडकंल." ती म्हणाली, पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन अर्धे मिळतात ती रेघ, मध्यावर न घेता थोडी तिरकी घेतली तर? मामांनी शेठकडे बघितलं. "तिरकी म्हणजे साचा महाग." "किती?" "ते टूलरूमला विचारावं लागंल." यावर पाऊण तास गेला. माझ्या मते दिवसातला हा पाऊण तासच खरी भागीदारी. बाकी सगळं त्याची तयारी. मॅडम मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

दुपारी १.३०

मेसमध्ये जेवण. शेठना भाजी आवडली नाही.

दुपारी २.१०

संस्थेचं ऑफिस. कागद. इथे कारखानदार कंटाळतात आणि इथेच पुढची भांडणं पेरली जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

संस्थेशी काम करायचे दोन ढोबळ मार्ग. एक विद्यार्थी प्रकल्प: खर्च कमी, मुलाला विद्यावेतन, साहित्याचा खर्च, संस्थेची फी. त्यात शिकणं पहिलं. हाती काय येईल याची हमी कुणी देत नाही आणि देऊ नये. दुसरा सल्ला-प्रकल्प: प्राध्यापक आणि त्यांचा पगारी चमू, टप्पे ठरलेले, टप्प्याटप्प्याने बिल, वर १८ टक्के जीएसटी. पहिल्याचे पैसे देऊन दुसऱ्याची अपेक्षा ठेवणारे कारखानदार मला महिन्याला भेटतात. आमचा पंप पहिल्या मार्गाने सुरू झाला. आता आकार ठरतोय म्हणून दुसऱ्यावर न्यायचा, त्यासाठी आजची बैठक.

पैशांसाठी दार आहे. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाने २०१० मध्ये डिझाइन क्लिनिक योजना आणली, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी, तिची मुख्य संस्था होती. २०२२ पासून एमएसएमई इनोव्हेटिव्ह या योजनेत डिझाइनचा भाग आहे: डिझाइन प्रकल्पाला ४० लाखांपर्यंत आणि विद्यार्थी प्रकल्पाला अडीच लाखांपर्यंत मदत. डिझाइन प्रकल्पात सूक्ष्म उद्योगाला खर्चाच्या ७५ टक्के, लघु-मध्यमला ६० टक्के. कागदपत्रं भरपूर लागतात, चिकाटी त्याहून जास्त. भोसरीत विचारून बघा, किती जणांनी या योजनेचं नाव ऐकलंय.

आता मालकी. डिझाइन कायदा २००० सालचा. त्यात वस्तूच्या दिसणाऱ्या रूपाला संरक्षण मिळतं, आधी दहा वर्षं, मग अर्ज केला तर आणखी पाच. मोबदला देऊन दुसऱ्याकडून डिझाइन करून घेतलं तर मालकी करवून घेणाऱ्याची, असं कायदा म्हणतो. पण विद्यार्थी प्रकल्पात 'मोबदला' कशाला म्हणायचं, संस्थेचे नियम काय, यावर वाद होऊ शकतो. म्हणून करारात स्पष्ट लिहायचं. आणि मुलीचं नाव डिझायनर म्हणून राहील, ठरावीक मुदतीनंतर तिला हे काम आपल्या कामांच्या संग्रहात दाखवता येईल, हेही लिहायचं. शेठ यावर अडले होते. मी म्हटलं, तुमच्या पंपावर तुमचं नाव हवं ना? मग तिच्या कामावर तिचं नको?

सगळ्यात धोक्याची जागा पुढेच आहे. नोंदणीचा अर्ज करण्याआधी ते रूप जगापुढे आलं तर नावीन्य गेलं, नोंदणी टिकत नाही. आणि बहुतेक डिझाइन संस्थांत वर्षाअखेरीला मुलांच्या कामाचं प्रदर्शन असतं. फोटो निघतात, फोनवर फिरतात. एका कंपनीचं असंच झालेलं मी पाहिलंय. प्रदर्शन आधी, अर्ज नंतर. चूक कुणाचीच नव्हती, तारखा कुणी समोरासमोर ठेवून पाहिल्या नव्हत्या. म्हणून आज टेबलावर दोन कॅलेंडरं: संस्थेचं आणि वकिलाचं. अर्ज आधी, मग मुलीने खुशाल मांडावं. आणि जे रूपात नाही, कामात आहे, जसं ते पिनेचं ओढून सोडणं, ते डिझाइन नोंदणीत बसत नाही. त्याला पेटंटचा विचार वेगळा करावा लागतो. संस्थेचे अधिकारी सावध, शेठ घाईत. पावणेचारला सह्या झाल्या.

संध्याकाळी ५.००

खेड तालुका, चाकणच्या पुढे. फवारणी सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर, म्हणून ही वेळ. कांद्याचं शेत. टाकीत औषध नाही, नुसतं पाणी, त्यात थोडा लाल रंग, म्हणजे अंगावर कुठे पडलं ते दिसतं. ही युक्ती मुलीची. शेतकऱ्याने पांढरा सदरा घातलाय, तोही तिनेच आणलेला.

जुना पंप आधी. भरून, उचलून, दोन सऱ्या मारून आला तेव्हा मानेखाली हातभर लाल पट्टा. शेठ त्याच्या पाठीमागे उभे राहून बराच वेळ बघत होते. दर महिन्याला हजारोंनी पंप विकणाऱ्या माणसाने आपला माल कुणाच्या पाठीवर जवळून पाहिला नव्हता.

मग नमुना, फोमचा नव्हे, चालता. तोंड मोठं केलेलं, गाळणी आत. भरणाऱ्या मावशींनी बादली ओतली, थेंब सांडला नाही. मुलीचा चेहरा फुलला. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "तोंड केलंसा मोठं, त्ये झ्याक. पण दोन्ही हातांत बादली, मग झाकण ठिवू कुठं? ढेकळांत? माती आत जाती अन् मग ह्ये नोझल तुंबतंय."

ज्युरीत चार शिक्षक होते, मामा होते, मी होतो. कुणालाही हे दिसलं नव्हतं. मुलीने तिथेच वहीत झाकणाला दोरी काढली, मग खोडून बिजागरी काढली, मग मावशींना विचारलं, दोरी बरी की बिजागरी. मावशी म्हणाल्या, "तुटंल त्ये नगो."

नवीन सदऱ्यावर लाल डाग होते, पण पट्टा नव्हता. पट्टे अजून रुततात. ते काम बाकी.

संध्याकाळी ७.३०

शेठना भोसरीला सोडलं. उतरताना ते म्हणाले, पंपाच्या विभागातल्या त्या तरुण इंजिनिअरला आता याच कामावर टाकतो, रोज. मी हेच ऐकायला थांबलो होतो. संस्थेतून आलेलं काम कंपनीत घेणारा माणूस नसला की ते कपाटात जातं. ज्याने प्रकल्प आणला तो नोकरी सोडून जातो आणि पुढचा माणूस फाइलही उघडत नाही. जर्मनीतल्या ब्राउन कंपनीचं उदाहरण मी यासाठी देतो. १९५० च्या दशकात वडिलांच्या मागे धंदा हाती आलेले दोघे ब्राउन भाऊ उल्मच्या डिझाइन शाळेकडे गेले. ओटल आयशर आणि हान्स गुगेलोट यांनी त्यांना रेडिओ, मांडणी, सगळ्याचा नवा विचार दिला. त्याच वेळी, १९५५ मध्ये, कंपनीने डीटर राम्स नावाच्या तरुणाला नोकरीत घेतलं. १९५६ चा गाजलेला रेकॉर्ड प्लेअर गुगेलोट आणि राम्स यांचा मिळून. उल्मची शाळा १९६८ मध्ये बंद पडली. ब्राउनचं काम थांबलं नाही, कारण घरात माणूस तयार झालेला होता. आपल्या आयडीसीच्या नाडकर्णींचं शिक्षणही त्याच उल्मचं.

रात्री ८.४५

जेवता जेवता फोन. मिक्सर बनवणारे एक गृहस्थ. साचा तयार आहे, पुढच्या महिन्यात माल बाजारात, तेवढं संस्थेकडून रूप जरा सुधारून मिळेल का? म्हटलं, साचा तयार असेल तर आता स्टिकर बदलता येईल, आणि स्टिकरला संस्था लागत नाही. रागावले. पुढच्या मॉडेलच्या वेळी या म्हटलं, तर म्हणाले पुढचं मॉडेल कधी ते माहीत नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या कारखानदारांना एवढंच सांगणं. बहुतेक डिझाइन संस्थांत शेवटच्या सत्राचे मोठे प्रकल्प जानेवारीत लागतात, आणि मुलं व विषय यांच्या जोड्या त्याआधीच ठरतात. दिवाळीच्या आधी पत्र पाठवा. पत्रात काय बनवायचं ते लिहू नका. गिऱ्हाईक कुठे अडतं, सांडतं, चिडतं ते लिहा. सोबत मशीनवरच्या माणसाचा फोन नंबर द्या. आणि साच्याची ऑर्डर तेवढी थांबवून ठेवा.